सलग रेघ, तुटक रेघ : सुट्या पडद्याच्या लॅपटॉपचं डिझाइन पेटंट कसं वाचायचं

‘अमुक कंपनीला सुट्या पडद्याच्या लॅपटॉपचं पेटंट मिळालं’ अशी बातमी अधूनमधून येते. सोबत एक रेखाचित्र असतं आणि वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, की आता इतरांनी तसा लॅपटॉप बनवायचाच नाही का? पेटंट डिझाइनचं असेल, तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : खुशाल बनवा. कारण अशा वेळी हक्क मिळालेला असतो तो कल्पनेवर नव्हे, तर दिसण्यावर. दिसण्यातलंही सगळं नाही, चित्रात सलग रेघेनं जेवढं काढलंय तेवढंच.

हे एकदा डोळ्यांत बसलं की या क्षेत्रातली भांडणं समजायला लागतात. प्रॉडक्ट डिझाइन शिकणारे विद्यार्थी, स्वतःचं छोटं हार्डवेअर उत्पादन घडवू पाहणारे तरुण आणि ज्यांना ही यंत्रं मनापासून आवडतात ते, अशा सगळ्यांसाठी मी वाचनाच्या पायऱ्या मांडतोय. वकिलाचं काम हा लेख करणार नाही, पण वकिलासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते यातून कळेल.

पायरी १ : कागद नंतर, आधी यंत्र हातात घ्या

दुकानात ‘टू-इन-वन’ म्हणून जे दाखवतात, त्यात दोन वेगळ्या जाती असतात. एकीचा पडदा मागे पूर्ण फिरतो, पण सुटत नाही. लेनोवोची योगा २०१२ मध्ये आली ती या जातीची. दुसरीचा पडदा खरोखर सुटून हातात येतो. आपल्याला ही दुसरी जात हवी आहे, कारण तिच्यात एक जुनी आणि चिवट अडचण आहे.

साध्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, बॅटरी, मदरबोर्ड असं सगळं वजन कीबोर्डखाली असतं आणि पडदा हलका असतो. पडदा सुटा करायचा म्हणजे अख्खा संगणक पडद्यामागे न्यायचा. मग वरचा भाग जड, खालचा हलका, आणि बोट टेकवलं की यंत्र मागे कलंडतं. गेल्या वीसेक वर्षांतली ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की प्रत्येक जण याच एका अडचणीवर उत्तर शोधत होता हे दिसतं.

कॉम्पॅकनं २००२ च्या अखेरीस टीसी १००० आणला. विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती, लिहायला पेन आणि काढता येणारा कीबोर्ड. हा मॉडेल क्रमांक लक्षात ठेवा, पुढे तो थेट अमेरिकेच्या न्यायालयात भेटणार आहे. जानेवारी २०१० मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात लेनोवोनं आयडियापॅड यू१ दाखवला. त्यात चक्क दोन संगणक होते : तळात इंटेलचा प्रोसेसर आणि विंडोज ७, तर पडद्यात क्वालकॉमचा प्रोसेसर आणि लिनक्सवर उभी केलेली वेगळी प्रणाली. २०११ मध्ये आसुसनं ट्रान्सफॉर्मर हा अँड्रॉइड टॅब्लेट काढला आणि कीबोर्डच्या डॉकमध्ये दुसरी बॅटरी बसवली. चार्जिंग जास्त टिकलं आणि तळाला वजनही मिळालं.

१८ जून २०१२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मायक्रोसॉफ्टनं सरफेस दाखवला, तो मला या सगळ्यात विचारानं सर्वांत स्वच्छ वाटतो. पाठीला उघडणारा टेकू दिला, २२ अंशांत कललेला. वजन टेकूनंच पेललं, त्यामुळे कीबोर्डला वजनाची गरजच उरली नाही. तो ३ मिलिमीटर जाडीचं, चुंबकानं चिकटणारं आवरण होऊ शकला. २०१५ च्या सरफेस बुकनं उलटी वाट धरली. पडदा ७२८ ग्रॅमचा आणि पूर्ण यंत्र साधारण दीड किलोचं, म्हणजे निम्मं वजन तळात. वर बिजागरी अशी, की उघडताना ती उलगडत मागे पसरते आणि पायाच लांब होतो. पडदा धरून ठेवणारं कुलूप सोडवायला वीज मिळताच आखडणारी तार वापरली होती. अ‍ॅपलनं २०२० मध्ये आयपॅड प्रोसाठी आणलेल्या मॅजिक कीबोर्डमध्ये पडदा अधांतरी उचलून पुढे, कळांच्या वर आणला. वजनाचा तोल साधायला तो कीबोर्ड टॅब्लेटपेक्षाही जड करावा लागला.

आता वहीचं एक पान घ्या आणि दोन रकाने आखा. एकावर लिहा ‘वजनानं भाग पाडलं’, दुसऱ्यावर ‘डिझायनरनं निवडलं’. सरफेसला टेकू असणं पहिल्या रकान्यात जाईल, पण कडांचा तिरपा छाट दुसऱ्यात. सरफेस बुक मिटल्यावर बिजागरीपाशी राहणारी फट पहिल्यात, आणि त्या बिजागरीवरच्या आडव्या पट्ट्यांची मांडणी बरीचशी दुसऱ्यात. दोन-तीन यंत्रांवर हे करून पाहा. चौथ्या पायरीला हे पान लागणार आहे.

पायरी २ : भांडण नक्की कशावरून आहे ते ठरवा

एकाच यंत्रावर तीन वेगवेगळी भांडणं होऊ शकतात. नावावरून, चालण्यावरून आणि दिसण्यावरून.

नावाचं उदाहरण आसुसचंच. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोनं डिसेंबर २०११ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर प्राइम’ या नावावरून आसुसवर कॅलिफोर्नियात दावा लावला, आणि मार्च २०१२ मध्ये न्यायालयानं तात्पुरती विक्रीबंदी नाकारली. हा ट्रेडमार्कचा मामला होता, त्यात पडदा कसा सुटतो याला काही महत्त्व नव्हतं.

बिजागरी कशी चालते, कुलूप कसं सुटतं, जोडणीच्या पिनांतून वीज आणि माहिती कशी जाते, हे सारं नेहमीच्या पेटंटमध्ये येतं. त्याची मुदत अर्जापासून २० वर्षं. यंत्र दिसतं कसं, एवढ्याच प्रश्नासाठी अमेरिकेत डिझाइन पेटंट असतं. १३ मे २०१५ पासून केलेल्या अर्जांना मंजुरीपासून १५ वर्षं मिळतात, आधीच्या अर्जांना १४. बातमीत नुसतं ‘पेटंट’ लिहिलेलं असेल तर क्रमांक पाहा. अमेरिकी डिझाइन पेटंटच्या आकड्याआधी ‘डी’ हे अक्षर असतं. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पायरी ३ : मूळ कागद शोधा

गूगल पेटंट्सवर क्रमांक टाकला की कागद फुकट मिळतो. युरोपीय संघाच्या नोंदी त्यांच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या डिझाइनव्ह्यूवर सापडतात आणि भारतीय नोंदी आयपी इंडियाच्या संकेतस्थळावरच्या डिझाइन शोधात. क्रमांक माहीत नसेल तर लोकार्नो या डिझाइनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला १४-०२ हा वर्ग लावून शोधा. संगणकासारखी माहिती हाताळणारी यंत्रं त्यात येतात. बातमीतलं चित्र बऱ्याचदा कापलेलं असतं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

पायरी ४ : रेघा वाचा

सरावासाठी डी ५०४,८८९ हा कागद उघडा. अ‍ॅपलनं १७ मार्च २००४ रोजी अर्ज केला आणि १० मे २००५ रोजी तो मंजूर झाला. डिझाइनकारांच्या यादीत स्टीव्ह जॉब्ज आणि जोनाथन आईव्ह यांची नावं आहेत. नेहमीच्या पेटंटमध्ये दाव्यांची कलमंच्या कलमं असतात, इथे एकच वाक्य आहे. त्याचा अर्थ एवढाच, की चित्रात दाखवल्याप्रमाणे या वस्तूचं शोभेचं डिझाइन. म्हणजे चित्र हाच दावा आहे.

चित्रात काय दिसतं? आयत, चारही कोपरे सारखे गोलावलेले. समोरचा भाग सपाट, त्यावर बटण नाही की नक्षी नाही. भोवती बारीक कड. पाठ सपाट आणि कडेजवळ वर वळलेली. पृष्ठभागावरच्या तिरप्या रेघा ओरखडे नाहीत, चकचकीत पारदर्शक पृष्ठभाग दाखवायची ती पद्धत आहे. एका आकृतीत हे यंत्र हातात धरलेला माणूस आहे, आणि तो पूर्णपणे तुटक रेघेत काढलाय. तुटक रेघेचा अर्थ, की हे फक्त समजण्यासाठी दाखवलंय, यावर हक्क सांगितलेला नाही.

मी विद्यार्थ्यांना चित्राची छापील प्रत काढून सलग रेघा लाल पेन्सिलीनं गिरवायला सांगतो. तुटक रेघांना हात लावायचा नाही. काम झाल्यावर लाल जे उरतं तेवढाच हक्क. सुट्या पडद्याच्या यंत्रांत याचा परिणाम फार मोठा होतो. पडदा सलग आणि कीबोर्ड तुटक असेल तर हक्क फक्त पडद्याचा. कीबोर्ड अजिबात वेगळा केला तरी पडदा तसाच दिसला तर अडचण येते. दोन्ही सलग असतील तर जोडलेल्या यंत्राचा एकत्रित ठसा तपासला जातो, आणि कोणी वेगळ्या घडणीचा तळ दिला तर तो सुटू शकतो. म्हणून जाणते अर्जदार एकाच यंत्राचे अनेक अर्ज करतात. एकात पूर्ण यंत्र, दुसऱ्यात नुसती कड, तिसऱ्यात नुसता बिजागरीचा भाग.

आता पहिल्या पायरीचं पान काढा आणि लाल रेघांशेजारी ठेवा. जे केवळ कामापुरतं आलंय, त्यावर डिझाइनचा हक्क टिकत नाही. ‘पडदा सुटतो’ या गोष्टीवर डिझाइन पेटंट कधीच मिळत नाही. सुटल्यावर उघडी पडणारी कड कशी दिसते, यावर मिळू शकतं.

आणखी एक. २०१० चा आयपॅड या चित्रासारखा तंतोतंत नाही. त्याला पुढे गोल बटण आहे, चित्रात ते नाही. प्रतिस्पर्ध्याचं उत्पादन चित्राशी ताडायचं असतं, चित्राच्या मालकाच्या उत्पादनाशी नाही. नवखे लोक इथे हटकून चुकतात.

पायरी ५ : आधी काय होतं ते मांडा

अ‍ॅपलनं एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर दावा लावला तेव्हा गॅलेक्सी टॅब १०.१ विरुद्ध हाच कागद पुढे केला. सॅमसंगनं दोन जुन्या वस्तू दाखवल्या. एक रॉजर फिडलर यांनी नाइट-रिडर या वृत्तपत्र कंपनीत १९९४ मध्ये मांडलेलं टॅब्लेट वर्तमानपत्राचं प्रारूप, दुसरा आपला ओळखीचा टीसी १०००. खालच्या न्यायालयाला यात दम वाटला, पण वरच्या फेडरल सर्किट न्यायालयानं मे २०१२ मध्ये ते मानलं नाही. फिडलरच्या प्रारूपात पडद्याभोवतीची चौकट उठून दिसते आणि ती चारही बाजूंनी सारखी नाही. टीसी १००० ला पडद्याभोवती राखाडी पट्टा, धातूची कड, दिवे आणि बटणं आहेत. काच समोरून कडेपर्यंत सलग जाण्याचा जो ठसा चित्रात आहे, तो या दोघांत नाही.

धडा असा, की ‘असं तर आधीपण होतं’ एवढं म्हणून भागत नाही. जुन्या वस्तूचा एकूण ठसा दाखवावा लागतो. तुम्ही स्वतः शोध घेताना प्रत्येक जुन्या यंत्राचं समोरून, पाठीमागून, कडेनं आणि सुटलेल्या अवस्थेतलं चित्र गोळा करा, आणि प्रत्येकाखाली ते केव्हा लोकांसमोर आलं ती तारीख लिहा. तारखेशिवाय चित्राला काही किंमत नाही. २१ मे २०२४ च्या निकालात फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठानं, जुन्या डिझाइनांवरून नवं डिझाइन उघडच सुचतं का हे तपासायची आधीची ताठर कसोटी सोडून दिली. त्यामुळे त्याआधीचे निकाल वाचताना ही तारीख ध्यानात ठेवा.

पायरी ६ : दहा फुटांवरून पाहा, मग हातात घेऊन पाहा

अमेरिकेतली मूळ कसोटी १८७१ च्या एका खटल्यातली आहे, आणि तो खटला चमच्या-काट्यांच्या दांड्यांवरचा होता. नेहमीसारखं लक्ष देणाऱ्या सामान्य ग्राहकाला दोन वस्तू इतक्या सारख्या वाटतात का, की एक समजून तो दुसरी घेईल? ऑक्टोबर २०११ मधल्या सुनावणीत न्यायाधीश लूसी को यांनी दोन्ही टॅब्लेट हातात उंच धरले आणि सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, यातला तुमचा कोणता? साधारण दहा फुटांवर उभ्या असलेल्या वकिलांना या अंतरावरून ते सांगता आलं नाही.

लंडनमध्ये चित्र वेगळं होतं. तिथे याच टॅब्लेट-डिझाइनच्या अ‍ॅपलच्या युरोपीय नोंदणीवरून खटला चालला आणि पाहणारा ‘जाणकार वापरकर्ता’ धरला जातो, जो वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून बघतो. ९ जुलै २०१२ च्या निकालात न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी सॅमसंगच्या टॅब्लेटांचा बारीकपणा आणि पाठीवरचे वेगळे तपशील मोजले. अ‍ॅपलच्या डिझाइनमधला टोकाचा साधेपणा त्यांच्यात नाही आणि ते तितके ‘कूल’ही नाहीत, म्हणून उल्लंघन नाही, असा त्यांचा निष्कर्ष. ऑक्टोबरमध्ये अपिलातही तो टिकला आणि सॅमसंगनं उल्लंघन केलेलं नाही अशी सूचना अ‍ॅपलला स्वतःच्या संकेतस्थळावर लावावी लागली.

ड्यूसेलडॉर्फमध्ये त्याच नोंदणीवर ९ ऑगस्ट २०११ रोजी विक्रीबंदी मिळाली होती. सॅमसंगनं कडेची चौकट बदलली, स्पीकर पुढे आणले आणि टॅब १०.१एन म्हणून तेच यंत्र जर्मनीत पुन्हा आणलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या बदललेल्या रूपावर बंदी घालायला तिथल्याच न्यायालयानं नकार दिला. डिझाइनच्या हक्काला वळसा घालायचा तो असा, आणि या वळणावर जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. आतलं काहीही न बदलता, फक्त लाल रेघेवर येणारे भाग हलवले.

अमेरिकेत टॅबवर जूनच्या अखेरीस २०१२ मध्ये बंदी आली. २४ ऑगस्टला ज्यूरीनं फोनांच्या बाबतीत अ‍ॅपलला १०० कोटी डॉलरांहून जास्त भरपाई दिली, पण टॅबनं या टॅब्लेट-डिझाइनचं उल्लंघन केलेलं नाही असं सांगितलं. १ ऑक्टोबरला बंदी उठली. एकच चित्र, तीन देश, वेगवेगळी उत्तरं. म्हणून ‘पेटंट आहे का’ या प्रश्नाला ‘कोणत्या देशात’ हे शेपूट नेहमी जोडा.

पायरी ७ : करार आणि पैसा यांवर नजर टाका

ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच खटल्यात अ‍ॅपलच्या अधिकाऱ्यानं साक्ष दिली, की मायक्रोसॉफ्टला अ‍ॅपलची डिझाइन पेटंट वापरायचा परवाना दिलेला आहे, मात्र हुबेहूब नक्कल करायची नाही या अटीसह. सरफेस आणि आयपॅड यांची तुलना करताना हे माहीत असलेलं बरं. दोन कंपन्या न्यायालयात दिसत नाहीत म्हणजे त्यांच्यात स्पर्धा नाही असं नसतं, कधी कधी सीमारेषा करारातच आखलेली असते.

भरपाईचा प्रश्न ‘वस्तू’ या शब्दाशी येऊन थांबतो. अमेरिकी कायद्यात डिझाइन चोरणाऱ्याला त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यावा लागतो. पण वस्तू म्हणजे अख्खा फोन की नुसता त्याचा दर्शनी भाग? ६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की विकली जाणारी पूर्ण वस्तूच धरायला हवी असं नाही, तिचा एखादा भागही ‘वस्तू’ असू शकतो. ज्या यंत्राचे दोन तुकडे ग्राहक रोज आपल्या हातानं वेगळे करतो, तिथे हा निकाल किती जवळून लागू होईल याचा विचार करा.

पायरी ८ : तुमचं स्वतःचं यंत्र असेल तर

भारतात ‘डिझाइन पेटंट’ नावाचं काही नाही. २००० चा डिझाइन कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी होते. मुदत १० वर्षं, वाढवून आणखी ५. डिझाइन विभाग कोलकात्यात असला तरी अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातही देता येतो.

व्याख्येत स्पष्ट लिहिलंय, की जे डोळ्याला दिसतं त्यावरच हक्क, रचनेच्या तत्त्वावर किंवा निव्वळ यांत्रिक करामतीवर नाही. बिजागरीची युक्ती नवी असेल तर तिच्यासाठी वेगळा पेटंट अर्ज लागतो. चित्रांच्या प्रत्येक पानावर नावीन्य कशात आहे याचं निवेदन द्यावं लागतं. ‘आकार आणि घडण’ असं मोघम लिहून सोडण्यापेक्षा कोणत्या भागात ते नेमकं सांगा.

स्वतंत्रपणे बनवून विकता येणारा भागसुद्धा या कायद्यात ‘वस्तू’ ठरतो. सुटा कीबोर्ड ही तशी वस्तू आहे. तेव्हा पडद्याचा एक अर्ज, कीबोर्डचा दुसरा. नक्कल करणारे बहुधा आधी कीबोर्ड-कव्हरच बनवतात, आणि फक्त जोडलेल्या यंत्राची नोंदणी असेल तर तुमचा हात तिथे तोकडा पडतो.

कायद्यात नक्कल करणाऱ्याकडून प्रत्येक उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत, आणि एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० पर्यंत रक्कम वसूल करता येते. किंवा ती वाट सोडून नुकसानभरपाई आणि मनाईहुकमासाठी दावा लावता येतो. खरी ताकद मनाईहुकमात आहे. नोंदणीच केली नाही आणि ‘चित्रावर माझा कॉपीराइट आहे’ म्हणून स्वस्थ बसलात, तर नोंदणीयोग्य डिझाइनच्या पन्नासाहून जास्त वस्तू बनल्यावर तो कॉपीराइट संपतो.

बाहेरच्या देशात जायचं असेल तर भारतातल्या अर्जापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज केला म्हणजे पहिली तारीख टिकते.

सर्वांत जास्त घात होतो तो उतावीळपणानं. अमेरिकेत आणि युरोपीय संघात डिझाइन स्वतः उघड केल्यावरही अर्जाला वर्षभराची सवलत मिळते. भारतात ती नाही. कॉलेजच्या प्रदर्शनात प्रोटोटाइप मांडला, इन्स्टाग्रामवर पडदा सुटतानाचा व्हिडिओ टाकला, गुंतवणूकदाराला गुप्ततेच्या कराराशिवाय फोटो पाठवले, की नावीन्य गेलं असं धरा. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरता एक अपवाद आहे, पण त्यासाठी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकाला आधी लेखी कळवावं लागतं आणि मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्यामुळे क्रम असा ठेवा : चित्रं काढा, जोडलेलं, सुटलेलं आणि उभं केलेलं अशा तिन्ही अवस्थांतली, दोन अर्ज भरा, पावतीवरचा क्रमांक आणि तारीख तपासा, आणि मगच पहिला फोटो बाहेर जाऊ द्या.